नोटा धुणारा चिमांगा

चिमांगाच्या आणि माझ्या अंगणामध्ये गवताचं कुंपण आहे. त्यातून दिसायचं तेवढं दिसतं, ऐकू यायचं तेवढं येतं, आणि उरलेलं मी त्याला तोंडावर विचारते. मला तशी मुभाच आहे. आमच्या कासाई मुलखात बाईला जुळी झाली की तिचं आधीचं नाव गळून पडतं, ती म्वाम्बुयी होते, आणि तिनं कुणाची कितीही आचरट थट्टा केली तरी तिला कुणी अडवत नाही. पाद्रीबाबाही खाली मान घालून ऐकून घेतात. माझी जुळी लग्नं होऊन आपापल्या घरी गेली, पण ही मुभा काही त्यांनी सोबत नेली नाही.

चिमांगा इथे आला तो हाकललेल्यांच्या ट्रकमधून. तिकडे कतांगात, तांब्याच्या खाणींच्या गावांत, आमचे लोक दोन-दोन पिढ्या राहिले होते. मग एके वर्षी तिकडच्यांनी त्यांना किडे म्हणायला सुरुवात केली आणि घरांतून बाहेर काढलं. चिमांगा लिकासीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. जन्म तिथला, शाळा तिथली, आमचा मुलूख त्यानं कधी पाहिलेलाही नव्हता. कित्येक महिने तो लिकासीच्या फलाटावर उघड्यावर राहिला, मग मालगाडीच्या डब्यातून म्वेने-दितूला आला आणि तिथून ट्रकनं आमच्या म्बुजी-मायीला. त्याच ट्रकमधून कुणी भांडी उतरवली, कुणी शिलाईचं यंत्र, एकानं तर दाराची चौकट उचकटून आणली होती. चिमांगाजवळ एक चटई आणि एक कोळशाची इस्त्री.

"तातू, बायको विसरलात आणि इस्त्री आणलीत?" मी पहिल्याच दिवशी कुंपणावरून विचारलं. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. आठवडाभर टिकलं ते.

"बायको येणार आहे, मामू," तो म्हणाला. "घर झालं की." आमच्याकडे मोठ्या बाईला मामू, म्हणजे आई, म्हणतात आणि बाप्याला तातू.

बायकोचं नाव मुसोंडा. ती तिकडचीच, त्यामुळे तिला कुणी हाकललं नव्हतं. नवरा फलाटावर होता तितके महिने ती रोज घरून डबा आणायची आणि आपल्याच लोकांच्या शिव्या खात त्याच्या शेजारी बसून राहायची. पण गाडी लागली तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळलेली. मुसोंडा त्याला म्हणाली, तू पुढे हो, छप्पर कर, निरोप धाड. मूलबाळ नव्हतं. म्हणजे डब्यात चढला तो एकटाच, आणि फलाटावर राहिली तीही एकटीच.

त्यानं छप्पर केलं. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर पत्रा. एक खोली त्याची आणि एक मुसोंडाच्या स्वयंपाकाची. त्या दुसऱ्या खोलीत त्यानं तीन दगडांची चूल मांडली आणि तिच्यात कधी जाळ केला नाही. स्वतःचं तो अंगणात रांधायचा. मी म्हटलं, "अरे, चूल काय पाहुण्यांना दाखवायला मांडलीस?" तर नुसता हसला. हसणं त्याचं फार कंजूष, ओठ हलतात की नाही ते जवळ जाऊन बघावं लागतं.

छपराचे खिळे ठोकून होतात न होतात तोच राजधानीतून नवे पैसे आले. जुन्या झाईरच्या जागी नवे झाईर. साऱ्या देशानं मुकाट्यानं घेतले. आमच्या कासाईनं घेतले नाहीत. दोन्ही नोटांवर माणूस तोच, आमचा राष्ट्राध्यक्ष, बिबट्याच्या कातड्याची टोपीही तीच. मी बाजारात म्हणायचे, "बायांनो, नवऱ्यानं सदरा बदलला म्हणून कुणी नवरा घराबाहेर काढतं का?" पण आमच्या लोकांचं ठरलं होतं. टोपीवाला रात्रंदिवस नोटा छापणार, त्या देऊन आमचे हिरे उचलून नेणार, आणि आमच्या हातात रोज भाव घसरणारा कागद ठेवणार. नको म्हणजे नको. मास्तरांनी पगार परत केला, भाजीवालीनं नवी नोट पायानं सरकवली. देश एक आणि पैसे दोन झाले. लिकासीच्या वाटेवरच्या कमिना स्टेशनाच्या अलीकडे जुने, पलीकडे नवे.

आणि खरं सांगायचं तर आमचे जुने बरे टिकले. तिकडे नव्या नोटा पोत्यांनी मोजायची वेळ आली तेव्हाही आमच्याकडे भाजीचा भाव भाजीसारखाच राहिला. अडचण एकच. जुन्या नोटा आता कुणी छापत नव्हतं. होत्या तेवढ्याच फिरत होत्या, कमरेच्या गाठीतून कमरेच्या गाठीत, मासळीवालीच्या हातातून हिरे उपसणाऱ्यांच्या चिखलाच्या हातात. दोन वर्षांत त्यांच्या चिंध्या झाल्या. टोपीवाल्याला नाक राहिलं नाही. काही नोटा अशा की मोजायला घेतल्या तर बोटांना चिकटून अर्ध्या राहायच्या.

माझ्या तर सगळ्यांत वाईट. मी पामतेल विकते, माझी नोट उन्हात धरली तर पलीकडचा माणूस दिसायचा. एकदा मी चिमांगाला म्हटलं, "तुझ्याकडे इस्त्री आहे ना, या माझ्या नवऱ्यांना जरा कडक कर." थट्टेत म्हटलं होतं मी. त्यानं खरंच नोटा नेल्या. राखेच्या पाण्यात भिजवल्या, कसाव्याच्या कंदाच्या पिठात दाबून तेल काढलं, फाटलेल्या जागी मागून सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद खळीनं चिकटवला आणि वर ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी मी त्या नोटा बाजारात नेल्या तर बाया हातात घेऊन बघायला लागल्या, जणू कुणाच्या घरी नवं बाळ आलंय.

तेव्हापासून त्याचा धंदा लागला. बाजाराच्या कोपऱ्यात टोपलीवर फळी टाकून बसायचा. पुढ्यात पाण्याचं भांडं, खळीचा डबा, इस्त्री. दहा नोटा दुरुस्त केल्या की एक त्याची. त्यातून पोट तर भरलंच, पण दुसरं काहीतरीही भरलं. त्याआधी आमची पोरं त्याला कतांगावाला म्हणून चिडवायची, कारण त्याच्या बोलण्यात तिकडची स्वाहिली घुसायची. आता म्हातारेसुद्धा त्याला आमचा चिमांगा म्हणायला लागले. त्याला ते इतकं गोड लागलं की तो आमच्यापेक्षा जास्त आमचा झाला. कुणी चुकून नवी नोट चिकटवायला आणली तर हा तिला बोट लावायचा नाही, काडीनं ढकलायचा. लोक मुद्दाम बघायला यायचे.

त्याच सुमारास कापिंगा निरोप घेऊन आली. कापिंगा म्हणजे आमच्या गल्लीची फिरती व्यापारीण. रेल्वेच्या वाटेनं मका घेऊन जायची आणि सुकी मासळी घेऊन यायची. लिकासीपर्यंत जायची तिची छाती होती, कारण तिची स्वाहिली अशी की तिथल्या शिपायांनाही ती तिकडचीच वाटे.

"मुसोंडाची आई गेली," कापिंगा चिमांगाला म्हणाली. मी अर्थात कुंपणाशी होतेच. "ती म्हणते, आता मला बोलव. भाड्याचं बघ म्हणाली."

चिमांगा उठला, आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. माणसाला आनंद झाला की तो कुठे ठेवायचा हे त्याला माहीत नव्हतं.

आता लिकासीचं तिकीट मिळणार नव्या पैशांत. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला छत्र्यांखाली नोटा बदलून देणारे बसायचे, बाहेरगावी जाणारे व्यापारी जुने देऊन नवे घ्यायचे. व्यापाऱ्यांना कुणी काही म्हणत नसे. पण चिमांगानं त्या छत्रीखाली उभं राहायचं म्हणजे पाद्रीबाबांनी दारूच्या गुत्त्यावर रांग लावायची. जो नवी नोट काडीनं ढकलतो, तो तीच विकत घ्यायला उभा? तो गेला नाही.

त्यानं काय केलं, तर आपल्या वाट्याच्या नोटांतल्या सगळ्यांत चांगल्या निवडल्या. पुन्हा धुतल्या, पुन्हा इस्त्री केल्या. कडा इतक्या सरळ की त्यांनी भाजी चिरता आली असती. मग धुवट फडक्यात बांधून कापिंगाच्या हातात दिल्या.

"वाटेत कानियामाला बदलून घेते," कापिंगा म्हणाली. "तिथं माझा ओळखीचा आहे."

"नको. अशाच दे."

"अशाच? तिकडे कोण घेतं या?"

"तिला कळेल माझ्या हातच्या आहेत."

मी कुंपणावरून तोंड घातलंच. "हात ओळखून तिकीट मिळतं का रे?"

"मामू, जुनेच पैसे परत येणार आहेत," तो म्हणाला. "साऱ्या देशात. सगळे म्हणतात."

सगळे म्हणत होते हे खरं. पाण्याच्या नळावर म्हणायचे, चर्चच्या पायरीवर म्हणायचे, पुढच्या पावसाळ्यात म्हणायचे. असं म्हणणाऱ्यांपैकी कुणीही पैसे दोन झाल्यापासून कमिनाच्या पलीकडे गेलं नव्हतं. जी जायची, त्या कापिंगानं खांदे उडवले आणि फडकं मक्याच्या पोत्यात घातलं.

ती परत आली तेव्हा मासळीच्या टोपल्या उतरवायच्या आधी चिमांगाच्या दारात गेली. फडकं त्याच्यापुढे ठेवलं. गाठ सोडून पुन्हा बांधलेली दिसत होती.

"काय म्हणाली?"

"जाऊ दे रे."

"काय म्हणाली ते सांग, मामू कापिंगा."

"म्हणाली, इथे या नोटांच्या पुड्या करून शेंगदाणे विकतात. ज्यानं पाठवल्या त्याला विचार, मी शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला बसू का."

चिमांगानं फडकं उचललं नाही. कापिंगाच म्हणाली, "मी सांगितलं तिला, त्याच्या मनात तसं नव्हतं. ती म्हणाली, फलाटावर मी त्याच्या पायी आपल्या माणसांच्या थुंक्या झेलल्या, आणि त्याला चार माणसांसमोर पैसे बदलायची लाज वाटली."

हे तिला कसं कळलं असेल? कापिंगानंच सांगितलं असणार. आमच्या गल्लीत माझ्याशिवायही तोंडं आहेत.

दुसऱ्या दिवशी चिमांगा फळीवर बसला नाही. तिसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी तो छत्र्यांकडे चालत गेला. हिऱ्यांच्या दुकानासमोरची माणसं उठून उभी राहिली. पोरं मागे लागली, "कतांगावाला, कतांगावाला." त्यानं जवळ होतं नव्हतं ते सगळं दिलं आणि नव्या नोटांचं गाठोडं काखेत मारून सगळ्यांच्या देखत परत आला. त्या आठवड्यात त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. एका म्हातारीनं तर त्याच्याकडे दिलेल्या नोटा ओल्याच परत मागितल्या.

मी विचारलं, "काय रे, आता लाज नाही वाटली?"

"वाटली की," तो म्हणाला.

पण तोवर उशीर झाला होता. नवे पैसे उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखे होते. गाठोडं घेऊन निघालेल्या कापिंगाची गाडी इंजिनासाठी वाटेत दोनदा थांबली, आणि ती लिकासीला पोचेपर्यंत भाडं इतकं चढलं की गाठोड्यात पूर्ण प्रवास बसेना. मुसोंडा तरी निघाली. राग होता तरी निघाली, हे चिमांगा मला पुन्हा पुन्हा सांगतो. त्या पैशांत जिथवर तिकीट मिळालं तिथवर आली. कमिनापर्यंत. तिथे उतरली आणि स्टेशनाबाहेर गाठोड्यावर बसली.

त्यानं पुन्हा पैसे बदलले, पुन्हा धाडले. पोचेपर्यंत पुन्हा कमी. स्वतः जायला निघाला तर म्वेने-दितूच्या स्टेशनात लोकांनी त्याला मागे ओढलं, कारण आमच्या माणसांना वाटेत गाडीतून उतरवून मारत होते. तिसऱ्या खेपेला मुसोंडानं पैसे घेतलेच नाहीत. निरोप धाडला, आता पाठवू नको, मी चूल मांडली आहे. स्टेशनाबाहेर ती बुकारी करून विकायला लागली होती. आमची न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, तीच त्यांची बुकारी, फक्त ते ती घट्ट करतात आणि वर आम्हालाच नावं ठेवतात.

मग लढाई आली, कापिंगाच्या फेऱ्या थांबल्या, टोपीवाला पळून गेला. देशाचं नाव बदललं. पैसे मात्र आणखी वर्षभर दोनच राहिले. त्या काळात चिमांगा फळीवर बसायचा आणि संध्याकाळी अंगणात एकट्यापुरतं रांधायचा. पातेलं इतकं लहान की मी म्हणायचे, बाहुलीचं लग्न आहे का तुझ्याकडे. तो ऐकून घ्यायचा. कधीकधी मला वाटतं, माझी थट्टा हेच त्याच्याशी दिवसभरात कुणीतरी बोललेलं असायचं. फळीवर लोक नोटांबद्दल बोलत, त्याच्याशी नव्हे.

या वर्षीच्या जूनअखेर फ्रँक आले. साऱ्या देशाला एकच, आम्हालाही. या वेळी आम्ही घेतले. बँकेपुढे रांग लागली आणि आमच्या जुन्या नोटा पोत्यांत गेल्या, चिमांगानं चिकटवलेल्याही. मला वाटलं तो रडेल. तो रांगेत माझ्यापुढेच होता. खिडकीतून फ्रँक घेतले, एक नोट उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "या कमिनाला चालतात?"

"सगळीकडे चालतात," आतला म्हणाला.

चिमांगा तिथूनच ट्रकच्या थांब्यावर निघाला होता. मी त्याला घरी आणलं, सदरा बदलायला लावला आणि पामतेलाची बाटली दिली. "शेजारणीनं दिली म्हणून सांग. आणि सांग की शेजारीण तोंडाळ आहे, पण सैपाकात नाक खुपसत नाही."

तो एकटाच परत आला. दोन दिवस मी कुंपणाकडे पाठ करून बसले. मला किती जड गेलं असेल बघा. तिसऱ्या दिवशी तोच येऊन माझ्या ओसरीवर बसला.

"भेटली?"

"भेटली."

"ओळखलं तुला?"

"लगेच. गाडीतून उतरलेली माणसं तिच्याकडेच जेवतात. मी रांगेत उभा राहिलो. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, बस."

"मग?"

"बसलो. तिनं ताट वाढलं. बुकारी, कसाव्याचा पाला, मासळी. पाला तिचाच, लांबूनच वास ओळखला. खाल्लं. मग ती आली आणि समोर हात धरला."

"हात धरला म्हणजे?"

"पैशांसाठी."

आमच्यात नवऱ्याच्या ताटाला किंमत नसते. बाई रागावली तर मीठ घालत नाही, पाहुण्यांना आधी वाढते, ताट आपटते. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडून हे तिन्ही प्रकार खाल्ले आहेत. पण पैसे घ्यायचे ते परक्याचे.

"दिलेस?"

"दिले. फ्रँकची नोट दिली. तिनं उजेडात धरून बघितली, कमरेला खोचली आणि मोड परत दिली. बरोबर दिली."

"आणि तू ती घेतलीस, शहाण्या?"

"काय करणार? मागे माणसं उभी होती."

नेहमीसारखी मागे माणसं उभी होती. हे मी मनात म्हटलं. म्वाम्बुयीनं मनात म्हटलेली फार थोडी वाक्यं आहेत, त्यातलं हे एक.

"घराचं काही बोललास की नाही?"

"बोललो. दोन खोल्या आहेत म्हटलं, पत्रा आहे. ती म्हणाली, कोण राहतं? म्हटलं, मीच. ती म्हणाली, मोठं होत असेल." त्यानं बोटांनी ओसरीवरची माती सारखी केली. "तेल घेतलं तिनं. वास घेऊन म्हणाली, चांगलं आहे."

"तेल चांगलं आहेच. ते सोड. पुढे?"

"पुढे गाडीची वेळ झाली. तिनं विचारलं, अजून वाढू का. मी हो म्हटलं. भूक नव्हती. तिनं वाढलं, माझ्या समोर बसली, मी खाईपर्यंत बसून राहिली. मग मी खिशात हात घातला तर तिनं मान हलवली. दुसऱ्यांदाचे घेतले नाहीत, मामू."

तो माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस माझ्याकडून काहीतरी मागतोय, आणि माझ्याकडे होती ती फक्त जीभ.

"तिथे सगळ्यांनाच दुसऱ्यांदा फुकट वाढते का, ते विचारलंस?"

कोंबडी ओसरीवर चढली, मी तिला हाकललं.

"नाही विचारलं," तो म्हणाला. मग ओठ हलले, या वेळी जवळ न जाताही दिसले. "पुढच्या वेळी गेलो की पहिलं ताट घेणारच नाही. थेट दुसरंच मागेन."

इतक्या वर्षांत त्यानं माझ्याशी केलेली ही पहिली थट्टा. हसायचं कसं असतं तेच मला क्षणभर सुचेना.

ऑगस्टात पुन्हा लढाई पेटली आणि कमिनाच्या गाड्या बंद झाल्या. चिमांगाकडे आता काम नाही, फ्रँक अजून कोरे आहेत, कुणाचे फाटत नाहीत. तो दर सोमवारी ट्रकनं म्वेने-दितूला जातो, गाडीची चौकशी करतो आणि संध्याकाळपर्यंत परत येतो. गाडी अजून सुरू झालेली नाही.